सरासरी आणि साक्ष

मुंबई आणि रायपूर यांच्या रेखांशांत सुमारे पावणेनऊ अंशांचा फरक आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून रायपुरात सूर्य मुंबईपेक्षा साधारण पस्तीस मिनिटे आधी उगवतो आणि चंद्रही जवळपास तेवढाच आधी. भूगोलाच्या पुस्तकातले हे गणित रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी घरात संकष्टीच्या रात्री एकदम व्यवहाराचे होते. समजा, मोबाइलवरच्या एखाद्या मराठी पंचांगाने सगळ्यांसाठी मुंबईचीच वेळ धरली आहे आणि गाव बदलण्याची सोय सेटिंगमध्ये कुठेतरी खोल दडवली आहे. मग रायपुरात उपास सोडणाऱ्याला चंद्र उगवून अर्धा तास झाला तरी ताटकळावे लागेल. तिथी सूर्योदयाशी बांधलेली असल्यामुळे एखाद्या दिवशी तर तिथीच वेगळी निघेल. आता या ॲपचे दुकानातले पान उघडावे, तर वर साडेचारच्या पुढे तारे आणि खाली पुण्या-ठाण्याच्या माणसांनी मनापासून केलेले कौतुक. त्यांतला कोणीही खोटे बोलत नाही, कारण त्यांच्या गावी वेळा दोन-चार मिनिटांच्या फरकाने बरोबरच आहेत. अभिप्राय खरे, सरासरीही खरी, तरीही रायपूरच्या माणसाला मिळालेला सल्ला चुकीचा. ॲपच्या दुकानातील फसवणुकीबद्दल पुष्कळ लिहिले जाते आणि ते लिहायलाही हवे. परंतु या प्रस्तावनेला मुख्यतः ज्या अडचणीविषयी बोलायचे आहे ती फसवणुकीच्याही अलीकडची आहे: सगळे जण प्रामाणिक असले तरी ताऱ्यांची सरासरी ज्याला निवड करायची आहे त्याच्या फारशी कामाची नसते. कामाची असते ती साक्ष, म्हणजे कोण बोलतो आहे, कुठून, कोणत्या फोनवरून, कशासाठी वापरून आणि केव्हा, हे कळेल असे बोलणे.

ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडले तेव्हा त्यात पाचशे ॲप होती. तेवढी दुकाने तर एखाद्या बाजारपेठेत असतात. निवांत फिरून पाहता आली असती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचे अँड्रॉइड मार्केट आले, २०१२ साली त्याचे नाव गूगल प्ले झाले, आणि पाहता पाहता ॲपची संख्या लाखांच्या घरात गेली. लाखो वस्तूंतून एक निवडायची तर कोणती तरी चाळणी लागणारच. दुकानदारांनी एक ते पाच ताऱ्यांची चाळणी निवडली, कारण ती यंत्राला मोजता येते, भाषेवाचून चालते आणि शोधाच्या यादीत वरखाली करायला सोयीची पडते. तिन्ही सोयी दुकानाच्या आहेत, हे इथेच नोंदवून ठेवू.

आता ही सरासरी बनते कशी ते पाहा. ऑनलाइन अभिप्रायांचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार असे आढळले आहे की पाच तारे भरपूर, एक तारा बऱ्यापैकी आणि मधले तीन आकडे विरळ. म्हणजे खूश झालेले आणि चिडलेले बोलतात. ज्यांचे काम बरेवाईट भागले ते गप्प बसतात. अशा दोन टोकांच्या ढिगाची सरासरी काढली की जो आकडा येतो तो प्रत्यक्षात फार थोड्या लोकांचे मत असतो. शिवाय बोलायला कोणाला, कधी सांगितले जाते हेही पाहिले पाहिजे. खेळात जिंकल्यावर, पैसे नीट पोचल्यावर, फोटो छान आल्यावर ॲप हळूच विचारते, 'आम्हाला किती तारे द्याल?' पैसे अडकल्यावर विचारणारे ॲप सहसा आढळत नाही. ॲपलने २०१७ मध्ये ही विचारणा वर्षातून तीनदाच करता येईल अशी मर्यादा घातली. आधी 'आवडले का?' असे विचारून फक्त 'हो' म्हणणाऱ्यांना दुकानाकडे धाडण्याची युक्ती गूगलच्या नियमांत बसत नाही. नियम करावे लागले यावरूनच रोग केवढा पसरला होता ते कळते.

सरासरी कोणत्या काळाची, हाही प्रश्न आहेच. २०१७ पूर्वी ॲपलच्या दुकानात नवी आवृत्ती आली की ताऱ्यांची मोजणी पुन्हा सुरू होई. नंतर ती पुसायची की ठेवायची हे ॲप बनवणाऱ्यावर सोपवले गेले. गूगलने २०१९ मध्ये जुन्या ताऱ्यांपेक्षा अलीकडच्या ताऱ्यांना अधिक वजन द्यायला सुरुवात केली आणि २०२१ च्या अखेरीपासून प्रत्येक देशातल्या वापरणाऱ्यांना त्या देशाचीच सरासरी दाखवायचे ठरवले. हे बदल शहाणपणाचे आहेत. फिनलंडमधल्या माणसाचे मत रायपुरात कशाला, हे गूगललाही पटले म्हणायचे. पण मग तर्क पुढे न्यायला हवा. भारत हा मापाला फार मोठा देश आहे. मराठी कीबोर्ड, पंचांग, बँक, रेल्वेचे तिकीट, मुलांचा अभ्यास यांसाठी चेन्नईच्या किंवा चंडीगडच्या माणसाचा तारा ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी माणसाच्या गरजेला किती लागू पडतो? दुकानाने सरासरीचे तुकडे करायला सुरुवात केली, याचाच अर्थ सरासरी अपुरी आहे हे त्याने कबूल केले. प्रश्न एवढाच की तुकडे देशापाशी का थांबावेत.

यावर कोणी म्हणेल की चुका एकमेकींना छेद देतात आणि गर्दीचे मत शेवटी सत्याच्या जवळच येते. हे तेव्हाच खरे, जेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याचे उत्तर न पाहता आपले मत बनवलेले असते. २००६ साली सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. चौदा हजारांहून अधिक लोकांना अठ्ठेचाळीस अनोळखी गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी किती वेळा गाणे उतरवून घेतले ते दिसत नव्हते. काहींना वेगवेगळ्या गटांत विभागून त्या त्या गटाचे आकडे दाखवले. आकडे दिसणाऱ्या गटांत लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय झाली, आणि कोणते गाणे वर जाईल ते प्रत्येक गटात बरेचसे वेगळे निघाले. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा शिखरावर चढली नाहीत. मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र आधी कोण पुढे गेले यावरच पुष्कळ काही ठरले. सात वर्षांनी त्याच नियतकालिकात मुचनिक, अरल आणि टेलर यांनी दाखवले की एखाद्या प्रतिक्रियेला सुरुवातीलाच एक कृत्रिम अनुकूल मत दिले तर तिचे अंतिम गुण सरासरी पंचवीस टक्क्यांनी वाढतात. ॲपच्या दुकानात तर आकडा अभिप्राय लिहिण्याआधीच, नावाखाली ठळक अक्षरांत समोर असतो. पहिल्या शंभर ताऱ्यांसाठी पैसे मोजणारे लोक का असतात, ते यावरून समजावे.

आणि तारा नेहमी ॲपबद्दलच असतो असेही नाही. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब देश म्हटले, असा आरोप एका माजी कर्मचाऱ्याच्या खटल्यातून बाहेर आला. कंपनीने तो नाकारला, पण तोवर भारतातून एकेका ताऱ्याचा वर्षाव सुरू झाला होता. त्या रागात नावातल्या साधर्म्यामुळे स्नॅपडील या भारतीय खरेदीच्या ॲपलाही तारे कापून घ्यावे लागले. त्याचा त्या वक्तव्याशी काडीचा संबंध नव्हता. मे २०२० मध्ये यूट्यूबवाले आणि टिकटॉकवाले यांच्या भांडणात टिकटॉकची सरासरी चाराच्या वरून दीडच्याही खाली आली. गूगलने लाखो अभिप्राय काढून टाकले, आकडा परत वर चढला आणि २९ जूनला सरकारने ॲपवरच बंदी घातली. या महिन्याभरात त्या ॲपचे गुणदोष बदलले नव्हते. बदलला तो राग, आणि राग व्यक्त करायला हाताशी असलेली सर्वांत स्वस्त जागा म्हणजे दुकानातले पान. लोकांनी निषेध करू नये असे इथे म्हणायचे नाही. मात्र निषेधाच्या मतपेटीतून मालाची प्रत कळत नाही.

मग पर्याय काय? त्यासाठी फार दूर जायला नको. ज्या शहरात ब्राह्मणपारा आहे त्याच शहराच्या इतिहासात अभिप्रायाचा एक वेगळा नमुना आहे, आणि तो घडवणारी माणसे मराठी होती. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे येत राहिली. पुढे याच मराठी समाजातल्या माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले; प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे, ज्यांचे नाव आजही लाखेनगरला आहे. सुरुवातीचे अंक रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये छापले जात, पुढे नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये. हिंदी साहित्याचे इतिहासकार या मासिकाची आठवण मुख्यतः पुस्तकपरीक्षणांसाठी काढतात. श्रीधर पाठकांसारख्या नामांकित कवीच्या पुस्तकांचेही इथे सविस्तर परीक्षण होई; भाषा कुठे अडखळते, आशय कुठे तोकडा पडतो, हे कारणांसह सांगितले जाई. मराठीत 'विविधज्ञानविस्तार' आणि 'निबंधमाला' यांनी जी सवय लावली होती, ती सप्र्यांनी हिंदीत रुजवली असे म्हणायला हरकत नाही. मासिक डिसेंबर १९०२ मध्ये तोटा सोसून बंद पडले. तीन वर्षांच्या आयुष्यात त्याने किती ग्राहक मिळवले यापेक्षा, अभिप्राय देणाऱ्याने आपले नाव, आपले निकष आणि आपली कारणे वाचकापुढे ठेवली, हे महत्त्वाचे. त्यामुळे वाचकाला परीक्षकाशी असहमत होता येई. चार पूर्णांक तीन या आकड्याशी असहमत कसे व्हायचे?

ब्राह्मणपाऱ्याला लागून कंकाली तलावाचा परिसर आहे. तिथल्या १९०८ सालच्या आनंद समाज वाचनालयासारख्या संस्थांनी नवी पुस्तके वाचकापर्यंत पोचवली. मराठी मुलखात पुढे, १९६४ पासून, 'ललित' मासिकाने हेच काम निराळ्या रीतीने केले: काय नवे आले, कोणी लिहिले, कशाबद्दल आहे. शोध आणि परीक्षण ही दोन कामे वेगळी असतात, पण दोन्हींत सांगणारा ओळखीचा होता.

पहिला मोठा आक्षेप इथे येतो आणि तो वजनदार आहे. पुस्तके वर्षाला काही शे निघत, तेव्हा परीक्षक पुरे. लाखो ॲप, दर पंधरवड्याला नवी आवृत्ती, आणि तपासायला सप्रे किती आणणार? शिवाय परीक्षकांचे राज्य म्हणजे मूठभर शिकलेल्यांचे राज्य. ताऱ्यांनी निदान रिक्षावाल्याला आणि भाजीवालीला मत दिले. दोन्ही गोष्टी मान्य. आपले म्हणणे परीक्षकांची गादी पुन्हा बसवा असे नाहीच. ज्याने ॲप वापरले तो प्रत्येक जण साक्षीदार आहे. प्रश्न त्याच्याकडून काय मागून घेतले जाते, हा आहे. भाजीवालीला मत दिले असे म्हणायचे आणि तिच्याकडून फक्त एक आकडा घ्यायचा, यात तिचा मान कुठे राहिला? 'पैसे मिळाल्याचा आवाज बाजाराच्या गोंगाटात ऐकू येत नाही' एवढे तिने लिहिले तर बाजारात बसणाऱ्या दुसऱ्या दहा जणींना ते पाच ताऱ्यांहून उपयोगी पडेल. लोकशाही हवीच, ती आकड्यापुरती थांबवू नये, इतकेच.

दुसरा आक्षेप यंत्रावर भरवसा ठेवणाऱ्यांचा. खोटे अभिप्राय आता आपोआप पकडले जातात. ॲपलने २०२२ सालाबद्दल सांगितले की शंभर कोटींहून अधिक तारे-अभिप्राय तपासले आणि त्यांतले चौदा कोटी सत्तर लाखांहून अधिक फसवे म्हणून अडवले किंवा काढले. आकडा धीर देणारा आहे की घाबरवणारा, हे ज्याने त्याने ठरवावे. साधारण सातांत एक फसवा, हा बाजार निरोगी म्हणवत नाही. पण मूळ मुद्दा वेगळा. यंत्र खोटा अभिप्राय काढू शकते. खरा पण गैरलागू अभिप्राय त्याच्या जाळ्यात येत नाही, येऊही नये. लागू काय आणि गैरलागू काय हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते आणि त्यासाठी लिहिणाऱ्याची परिस्थिती कळावी लागते.

तिसरा आक्षेप असा की सरासरीने निदान ठग तरी ओळखता येतात. याचे उत्तर कर्ज देणाऱ्या ॲपनी देऊन ठेवले आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात नोंदवले की त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतातल्या अँड्रॉइड वापरणाऱ्यांसाठी ऐंशीहून अधिक दुकानांत मिळून सुमारे अकराशे कर्जाची ॲप उपलब्ध होती आणि त्यांतली सहाशे बेकायदा होती. चार हजारांच्या कर्जासाठी फोनमधल्या सगळ्या नंबरांवर धमक्या गेलेल्या माणसांची गाऱ्हाणी सर्वांना ठाऊक आहेत. यांतल्या कितीतरी ॲपना कामापुरते तारे असत, कारण पैसे पहिल्या पाच मिनिटांत हाती येतात आणि धमक्या पंधरवड्यानंतर. अभिप्राय मात्र पहिल्या पाच मिनिटांतच मागितला जातो. अशा वेळी सरासरी पाहणारा फसतो. सर्वांत जुने एक-ताऱ्याचे चार अभिप्राय आणि 'किती व्याज कापून घेतले' एवढे वाचणारा बहुधा वाचतो.

याच उदाहरणातून नावाचा प्रश्न निघतो. धमक्या सोसलेल्या बाईने स्वतःच्या नावाने लिहावे, असे सांगणे क्रूरपणाचे होईल. साक्षीसाठी जगाला नाव कळणे आवश्यक नाही. लिहिणारा खरा माणूस आहे आणि त्याने ॲप खरेच वापरले आहे, एवढी खात्री दुकानाकडे असली आणि परिस्थितीचा तपशील वाचकापुढे असला की पुरे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणलेले ऑनलाइन अभिप्रायांचे मानक, आयएस १९०००, याच दिशेचे आहे: लिहिणाऱ्याची पडताळणी, अभिप्राय मांडण्यातली पारदर्शकता, जबाबदारी. ते ऐच्छिक ठेवले गेले. ऐच्छिक मानकांची आपल्याकडे काय गत होते ते वेगळे सांगायला नको. ते सक्तीचे व्हावे, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

राहिला शोधाचा प्रश्न, म्हणजे नवे ॲप मुळात डोळ्यांपुढे येते कसे. ॲपलच्याच जाहिरात विभागाच्या सांगण्यानुसार तिथली सुमारे ६५ टक्के ॲप शोधपेटीत काही लिहिल्यानंतर उतरवली जातात. शोधाच्या यादीत सर्वांत वर पैसे भरलेली जाहिरात असते, तिच्याखाली दुकानाच्या हिशेबाने लावलेली नावे, आणि त्या हिशेबात तारे मोजले जातात. म्हणजे आधी सांगितलेली सगळी वाकडी मापे इथे पुन्हा वापरली जातात. दुकानापलीकडचा रस्ता तर याहून धोक्याचा. रायपूरजवळच्या भिलाईतून उभे राहिलेले 'महादेव' हे सट्टेबाजीचे जाळे कोणाच्या ताऱ्यांवर वाढले नाही. ते व्हॉट्सॲपवरचे दुवे आणि तोंडी शिफारस यांवर वाढले. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने ज्या बावीस सट्टेबाज ॲप आणि संकेतस्थळांना अडवले, त्यांत महादेव होते. साक्ष म्हणजे ओळखीच्या माणसाने केलेली शिफारस असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांआड करू नये. ओळखीचा माणूस दलालही असू शकतो. म्हणून साक्षीत ओळखीपेक्षा कारणे महत्त्वाची, आणि ती चारचौघांना दिसतील अशा जागी मांडलेली.

आपल्या भाषेतून शोधता येणारे दुकान उभे करण्याचे प्रयत्नही इथलेच आहेत. आयआयटी मुंबईत शिकलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली भारतीय भाषांसाठी फोनची प्रणाली सुरू केली. ती पुढे इंडस ओएस म्हणून ओळखली गेली. फोनपेने ती कंपनी घेतली आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी इंडस ॲपस्टोअर आणले: बारा भारतीय भाषा, त्यांत मराठीही, आणि बोलून शोधण्याची सोय. सोय झाली ही चांगलीच गोष्ट. परंतु मराठीत विचारले आणि उत्तरादाखल पुन्हा आकडाच आला, तर भाषा दारापर्यंतच आली म्हणायची. मराठी दुकानात मराठी अभिप्राय नसतील तर ते भरायचे कोणी? आजवर मराठी माणूस तिथे लिहितो ते बहुतेक 'खूप छान ॲप' इतकेच, आणि तेही रोमन अक्षरांत.

पुढील प्रकरणे अभिप्राय वाचायचे कसे आणि लिहायचे कसे, या दोन्हींविषयी आहेत. वाचणाऱ्याने आकड्याआधी तारीख पाहावी, मधले दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय आधी उघडावेत आणि ॲप बनवणाऱ्याने कोणाला काय उत्तर दिले ते तपासावे, हे तिथे उदाहरणांसह सांगितले आहे. लिहिणाऱ्यांना मात्र इथेच एक विनंती. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात भेटणारे असोत, तात्यापाऱ्यात किंवा ब्राह्मणपाऱ्यात राहणारे असोत, की इंदूर, बडोदे, बेळगाव इथले: महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाची गरज मुंबईच्या सरासरीत बसत नाही आणि ती दुसरा कोणी मांडणार नाही. आज फोनमधल्या ज्या एका ॲपवाचून तुमचे चालत नाही, त्याच्या पानावर जा आणि देवनागरीत चार वाक्ये लिहा. गाव लिहा, फोन लिहा, कशासाठी वापरता ते लिहा, कुठे अडते ते लिहा. दुरुस्ती झाली तर परत येऊन तेही लिहा.